बिनविस्तवाचं

मे महिन्यात आमच्या घरी दुपारची चूल नाही.
रात्री हॉटेलातली शेवटची तर्री उतरेपर्यंत एक वाजतो,
फरशीवर पाणी मारलं तर ती वाफ सोडते
दमलेल्या जनावरासारखी.
मंग दुपारी पुन्हा कोण पेटवते गॅस?

सकाळी सातलाच भागरथाबाई येऊन बसते
गोळीबार चौकाच्या अलीकडे, सावली सरकेल तशी सरकत.
ओल्या फडक्याखाली चिवळ.
चिवळ म्हणजे (बाहेरच्याला सांगावं लागते)
जमिनीला धरून पसरणारी,
मुंगीच्या डोक्याएवढ्या पानांची,
ऊन जितकं जास्त तितकी रसरशीत.
ती तोलत नाही, मुठीनं देते
आणि वर एक चिमूट, माझ्या तोंडाकडे बघून.
टरबूज कन्हानच्या रेतीतलं, तिच्या दिराच्या वाडीचं.
कानाशी धरून तीन बोटांनी वाजवते.
"हे ने बाई. हे बोलते."

कूलरात पाणी भरलं. वाळ्याचा वास
आधी देवापाशी गेला, मग आमच्याकडे आला.
चिवळ परातीत तीनदा धुतली, तिन्ही वेळा तळाशी रेती.
चौथ्यांदाही होती थोडी.
राहू दिली.
टरबूज सुरी टेकवताच तडकलं,
जसं काही वाटच बघत होतं.
डांगर जरा जास्तच पिकलेलं,
माझ्या आधी मुंग्यांना कळलं.
एका कैरीचे पातळ काप.
सांबार बचकभर.
(पुण्याच्या नणंदेला अजून वाटते, मी टरबुजात डाळ ओतते.
कोथिंबीर गं, कोथिंबीर!)
लिंबू. काळं मीठ.
जिरं भाजून टाकायचं मनात होतं, नाही भाजलं.
बिनविस्तवाचं म्हटलं की बिनविस्तवाचं.
आणि संत्रं नाही.
मे महिन्यात संत्रं मागणारा नागपूरचा नव्हे.

मोरेश्वर आंघोळ करून आला, परातीत डोकावला.
"हे काय व? चारा?"
ज्याच्या रश्श्यासाठी वकील, ठेकेदार
नाक पुसत, कान लाल करत रांगेत उभे असतात,
त्या माणसानं एक फोड उचलली.
मग एक.
मग परातच स्वतःकडे ओढली
आणि बोलला नाही काही.

श्रुतिकानं एक घास घेतला
आणि पाण्याचा गडवा ओढला.
"आई, तिखट आहे हे."
मी म्हटलं, मिरचीचं देठही नाही त्यात.
"आहे. तुझ्या हाताचं आहे."

हात नाकाशी नेले.
दगडफूल. लवंग. सुंठ. भिवापुरी मिरची.
बावीस वर्षांचा मसाला
पेरांच्या रेघांत, नखांच्या मुळांत.
बेसन लावून पाहिलं, दही लावून पाहिलं,
लिंबाच्या साली घासून घासून
कातडी मऊ झाली, हे नाही गेलं.
लग्नात मेंदी चढली होती,
महिन्याभरात उतरली.
मग हा रंग चढला.

मी एक फोड खाल्ली, डोळे मिटून, हळू.
टरबूज लागलं.
लिंबू लागलं.
चिवळीचा आंबूस चुरा, दाताखाली रेतीचा एक कण.
तिखट लागलंच नाही.
पुन्हा खाल्ली.
नाही लागलं.

"उद्या तू कालव," मी पोरीला म्हटलं.
"कालवीन," ती म्हणाली, "आणि रेती निघेपर्यंत धुवीन."
तिचे हात पाहिले. पेनाची निळी शाई,
बाकी काही नाही अजून.

ते दोघं कूलरपुढे झोपले.
परातीच्या तळाशी गुलाबी पाणी उरलं होतं,
दोन बिया, एक पान.
कोणी बघत नाही बघून
परात दोन्ही हातांनी उचलली
आणि तोंडाला लावली.

पाच वाजता कांदे भाजायला घ्यायचे होते.