गव्हाभर, तांदळाभर

उद्यमनगरातनं चार पंप क्रेटात घालून
मी मलावीला निघालो, तेव्हा हौसाआत्तीनं
एवढंच विचारलं होतं: तिथं पाणी हाय का बाबा?

आता रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून
तिला सांगायचं म्हणजे पंचाईत.
हा समोरचा तलाव तासाभरात पायी फिरून होतो,
तिथं बोट निघाली की दोन रात्री पाण्यावरच,
आणि पलीकडचा काठ कुणीतरी सांगितला म्हणून खरा.
पहिल्या दिवशी लाटा बघून
मी आधीच तोंड वाकडं करून ओंजळ ओठाला लावली.
खारट नव्हतं.
आपल्या आडाचं असतं तसलं पाणी, आणि त्याला लाटा.

इथं सूर्य पाण्यात जातो, तिथं पाण्यातनं यायचा.
बांबूच्या मांडवांवर बोटाएवढी मासळी,
बायका ती हातानं परतायच्या, सांडगे परततात तशी.
चिकोंदी, माझा हेल्पर, फाउंडेशनचे बोल्ट आवळता आवळता म्हणाला,
तुमचे बोल्ट पक्के, जमीन पक्की नाही.
खाली चीर आहे. दर वर्षी रुंदावते.
किती?
त्यानं माझ्या तांदळाच्या पिशवीत हात घातला,
एक दाणा पान्याच्या दांड्यावर ठेवला.
एवढी. नाहीतर याहून कमी.

मी हसलो नाही. त्याला काय सांगणार,
आमच्या गावात एक दगडी नंदी आहे,
रोज गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो,
रंकाळ्याला पोचला की जग बुडणार.
आणि रंकाळाही म्हणे आधी दगडाची खाण,
भूकंपात भुई फाटली, पाणी वर आलं.
माझी सगळी शाळा या गोष्टींवर हसण्यात गेली.

आत्ती कणीस खात ऐकत होती.
"पुढं तांदळाभर. आन् मागं?"
मागं नाही, म्हटलं.
"मागं न्हाईच?"
तेवढ्यापुरती ती चावायची थांबली.

जाताना नंदीपाशी वळली.
पाठीवर हात ठेवला, नमस्काराचा नव्हे,
उताराला लागलेल्या बैलाचं शेपूट धरावं तसा.

तेवढ्यात चिकोंदीचा फोन.
पाणी काठापासून चाळीस पावलं सरलंय,
सक्शनचा पाईप उघडा पडलाय, पुढं घेऊ का?
घे म्हटलं, फक्त फूटव्हॉल्व्ह चिखलात टेकू देऊ नको.

"काय म्हणतोय?"
पाणी मागं गेलंय म्हणतोय.
"मग येतंय की मागं," आत्ती म्हणाली,
आणि रिकामं कणीस गाईपुढं टाकून
केएमटीला हात केला.