हांकाची

गंगापूर रोडला, लॉन्सच्या मागच्या अंगाला,
काल रात्रीच्या लग्नाच्या पत्रावळी जिथे अजून ओल्या आहेत,
तिथून आत जाते सरदारांची जलबाग.
दार म्हणजे तारेनं बांधलेला पत्रा.
पुढे मी, मागे ओकुबो-सान,
अंबडच्या कारखान्यात बेअरिंगं तपासायला आलेले.
रविवार, मशीन बंद, म्हणाले,
इथे लोक पाणी बघायला कुठे जातात?
रामकुंड तर कालच दाखवून झालं होतं.

तळं आहे. म्हणजे तळ्याचा आकार आहे.
काळ्या दगडाचे आठ कोन, मधोमध चौथरा,
चौथऱ्यावर जाणारा पूल एका माणसापुरता.
टाचेएवढं पाणी, त्यात थर्माकोलची ताटली
आणि एक वंचक,
स्वतःच्या सावलीलाही ओळख न देणारा.

ओकुबो-सान उकिडवे बसले.
दगडातल्या खाचेत त्यांनी बोट घातलं,
कारखान्यात घालतात तसं, डोळे मिटून.
त्यांच्या गावी अशीच खाच आहे म्हणाले,
सरदारांचीच बाग, पण समुद्राला लागून.
भरतीला फळी उचलतात, तळं चढतं,
ओहोटीला उतरतं, खेकडे उघडे पडतात.

मी हे मराठीत सांगितलं
तर वॉचमन रावजी बेंडकोळी म्हणाले,
"हितं भरती नाही येत. आवर्तन येतं."

मी अडले.
धरणातून येणारी, ठरल्या तारखेची,
कालवा समितीच्या बैठकीनंतरची भरती,
असं काहीतरी जुळवलं.
ओकुबो-साननी वहीत लिहून घेतलं:
चंद्राच्या जागी बैठक.

मग ते बदकांचं बोलले.
तिथे एका टेकाडामागे भिंत, भिंतीला भोक.
नोकर लाकडावर टकटक करी,
पाळलेली बदकं दाण्यांना येत,
त्यांच्या भरवशावर रानातली.
नोकर भोकातून मोजत राही.
पुरेशी झाली की सरदार येत, जाळी घेऊन.

रावजी हसले नाहीत.
"भोक आमच्यातबी आहे," म्हणाले,
आणि आम्हाला भिंतीमागे नेलं.

विहीर, मोटेची धाव, उंचावर कोरडा हौद,
हौदाच्या बुडाशी खापरी नळाचं तोंड.
"आमचा पणजा रातभर मोट हाणायचा.
हौद भरला की हितं बसायचा, भोकाला डोळा लावून.
चौथऱ्यावरनं रुमाल हलला की
उठून बूच काढायचं.
मग तिकडं कारंजी उडायची म्हणे."

म्हणे?

"बूच हातात धरून उभं राहावं लागे, ताई.
भोक राहिलं चार हात लांब."

रुमालाला त्यांच्याकडे हांकाची म्हणतात.
साहेबाचा शब्द, त्यांनीही उसनाच आणलेला.
पण पहिल्या वर्गात तो ऐकला तेव्हा
मी वहीत लिहिलं होतं: हाकेची.
बाईंनी लाल शाईनं खोडलं.

ओकुबो-सान रावजींना काही बोलले, खाली वाकून.
मी भाषांतर करायच्या आत
रावजी निघाले होते.
पुलापाशी त्यांनी चपला काढल्या,
मग हातात घेतल्या, मग तिथेच ठेवल्या.

भोकाला ओकुबो-सानचा डोळा.
हौदापाशी मी.
बूच कधीच गेलेलं, नळाच्या तोंडात कुणीतरी
दारूची बाटली ठोकून बसवलेली.
ओकुबो-साननी हात वर केला, मी बाटली उपसली.
आतून काही आलं नाही,
फक्त मुंग्यांची एक रांग
आणि बराच वेळ, गार वारा.

तिकडे काय झालं, मी पाहिलं नाही.
गाडीत विचारलं.
ओकुबो-सान म्हणाले, खिशात रुमाल नव्हता त्यांच्या,
त्यांनी टोपी हलवली.
मग वाट पाहत उभे राहिले.
मग बसले.