पान चौथं

सिव्हिल लाइन्स, कोर्टाचं भाषांतर खातं.
अर्धा एप्रिल सरला, कूलरमधला वाळा कोरडा,
आणि टेबलावर पंचफुला निनावे यांची साक्ष.
नवऱ्याला कामठी रोडवर ट्रकने उडवलं, त्याचा दावा.
पान चौथं:
‘मंग थे शांत झाले जी.’

बावीस वर्षं हेच करतोय.
इकडचं वाक्य उचलून तिकडे ठेवायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही.

काम लिहू?
उच्चार आपल्या कामासारखा, पण यात कुणी राबत नाही.
काम म्हणजे भल्या पहाटेचा फुटाळा,
तळाशी कितीही गाळ असो, वर सुरकुती नाही.
पण विमा कंपनीचे ठवरे वकील
नेमकं तिथेच बोट ठेवतील:
काम होते, म्हणजे वेदना नव्हत्या.
रक्कम कमी करा.

सायलेंटमध्ये कुणीतरी मुद्दाम तोंड मिटलेलं असतं.
फितलेला साक्षीदार सायलेंट,
कोर्टात शिरताना मोबाइल सायलेंट.
स्टिल म्हणजे लाइट गेल्यावरचा पंखा,
पाती मोजता येतात.

आणि आपल्याकडे तर शांत झाले म्हणजे
गेलेच की.
पास्ड अवे लिहायला घेतलंही होतं,
सोपं, सभ्य,
तेवढ्यात खालची ओळ दिसली:

‘मंग मी डबा धुवाले नळावर गेली.
वापस आली त नर्सबाई धावून राह्यली होती.’

म्हणजे तिला वाटलं,
कण्हणं थांबलं, डोळा लागला.
मेडिकलचा वॉर्ड, नळाला रांग,
डब्याच्या कडेला वाळलेलं वरण,
आणि ती सावकाश घासतेय,
कितीतरी दिवसांनी सावकाश.

दुपारी ती कॉरिडॉरमधल्या बाकावर होती,
मांडीवर पाण्याची बाटली.
विचारता आलं असतं.
नियमात बसत नाही.
बसलं असतं तरी.

क्वाएट लिहिलं.
शाळेत डोंगरे मास्तर सांगायचे,
सायलेंटमध्ये आवाजच नसतो,
क्वाएटमध्ये थोडा उरतो.
थोडा म्हणजे किती, ते काही सांगितलं नाही त्यांनी.

मी धरलं,
एक डबा घासून होईपर्यंत.