सातवं पान

आई एकतीस वर्षं
नाशिकरोडच्या चर्चमधली वेदीची कापडं धुवायची.
पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, असा नियम.
द्राक्षारसाचा एखादा थेंब त्यात असतो,
आणि तो थेंब म्हणजे कोण, हे मिस्साला येणाऱ्या पोरालाही ठाऊक.
ती ते पाणी परसातल्या कढीपत्त्याला घालायची.
म्हणजे वर्षानुवर्षं आमच्या आमटीत
तो होता, फोडणीत तडतडत.
फादरना हे कधी कळलं नाही.
मलाही उशिरा कळलं,
पुण्याला, ईशज्ञानाच्या वर्गात,
चाळीस होऊ घातलेले फादर
आणि शेवटच्या बाकावर मी, तारसिला दुशिंग.
सरांनी विचारलं, हे शिकून तुम्ही काय करणार?
म्हटलं, धुणं.
सगळे हसले.
मी हसण्यासारखं बोलले नव्हते.

परवाच्या मे महिन्यात मनिलाहून दोघी आल्या,
कोलंबोहून एक, फ्लोरेस बेटावरून एक सिस्टर,
जिला आपला उन्हाळा सोसेना.
तीन दिवस हॉलमध्ये पंख्याखाली वाद:
पवित्र आत्मा तो की ती?
हिब्रूत ती, ग्रीकमध्ये ते, लॅटिनमध्ये आल्यावर तो झाला.
मी म्हटलं, आमच्याकडेही तोच,
पण कृपा ती, करुणा ती, भाकर तर तीच ती.
मग चहा आला.
चहानंतर कप विसळायला कोण कोण उठलं
ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

शनिवारी दिंडोरीच्या रस्त्याला एका बागेत गेलो.
खरडछाटणी होऊन महिना झालेला,
ओलांड्यांवर कोवळी फूट.
पेठ-सुरगाण्याची टोळी कामाला होती.
छाटणी पुरुषांची, तिला पाचशे.
शेंडे खुडणं बायकांचं, त्याला तीनशे.
थेरेजा भोयेच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस,
पोर बांधावरच्या बाभळीला, झोळीत.

मनिलाची बाई म्हणाली, हिला विचार ना,
तो स्वतःला वेल म्हणतो
आणि बापाला माळी म्हणतो,
हिला काय वाटतं?

मी दुभाषी. पहिल्याच शब्दाला अडले.
तो वेल म्हणू की ती वेल?
मराठीत दोन्ही चालतं,
पण सत्तेचाळीस वर्षांत वेदीवरून
मी एकच ऐकलेलं.
शेवटी तेच तिला विचारलं.

थेरेजानं हिरवं नख पदराला पुसलं.
"पानी मागती तवा ती.
मालकाच्या वहीत जाती तवा तो."
दोन ताटं पुढे गेल्यावर, मागे न बघता,
"आन माळी कात्री घिऊन येतो नि जातो.
वळन लावाया आमीच."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं.
'वळण' काही नीट उतरलं नाही.
कोलंबोच्या बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.
थेरेजा पुढच्या ओळीत पोचली होती,
मुकादम बघत होता.
आम्ही तिचा अर्धा तास घेतला.
त्याचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न
कुणाच्याच निबंधात नाही.
माझ्याही.

निबंध आता छपाईला गेला आहे.
तळटीप चौथी:
भोये, थेरेजा. तोंडी. दिंडोरी, बांधाजवळ.
संपादिका भली बाई, आपल्यातलीच,
समासात लाल शाईनं विचारते:
पान कितवं?

रात्री दिवा मालवून
मी त्या फुटीवरून बोट फिरवते,
ओलांड्यापासून वर, एकेक.
सातवं.
त्याच्या वरचा शेंडा तिनं माझ्यादेखत खुडला होता,
बगलेतला डोळा ठेवून.