साठ वॅटचा दिवा

पहिल्यांदा तो बांधला तेव्हा
पेटी म्हणून वेल्टाचं मासे भाजायचं ताट घेतलं,
अ‍ॅल्युमिनियमचं, कडेला पोचा आलेलं.
आठवडाभर तिने हेरिंग पातेल्यात भाजले
आणि माझ्याशी बोलली नाही.

ट्रान्झिस्टर कारखान्यातले.
एकेक, हातमोज्याच्या अंगठ्यात दडवून,
फाटकावरच्या पहारेकऱ्याला सलाम ठोकत आणले.
चार जमायला चार महिने गेले,
त्यातले दोन मुके निघाले.

लिएपायाचा वारा खिडक्या हलवत होता
आणि मी अभ्रकाचे पापुद्रे कापत होतो,
ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मध्ये ठेवायला.
ऊब पलीकडे जावी, वीज जाऊ नये,
एवढंच काम अभ्रकाचं.
नवराबायकोतही असलं काहीतरी लागतं, असं तेव्हा वाटलं होतं.
वेल्टाला सांगितलं नाही. ताटाचं प्रकरण ताजं होतं.

पहिली वीज थेट द्यायची नसते.
मध्ये साठ वॅटचा दिवा जोडायचा, ओळीत.
कुठे चुकलं असेल तर दिवा भडकतो,
सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेतो.
बरोबर असेल तर
क्षणभर उजळतो, मग तांबूस होतो, मग नाहीच.
तो मालवत गेला.
जीव भांड्यात पडतो म्हणतात,
माझा त्या ताटात पडला.

वेल्टाच्या गायकवृंदाची फीत लावली.
ती दारात उभी, ओल्या हातांनी.
दुसरी रांग, डावीकडून चौथी.
"मी एवढी वर लावते?" म्हणाली.
आठवड्यातलं पहिलं वाक्य.

त्यानंतर तो कधी पुरा झालाच नाही.
जर्मेनियम काढून सिलिकॉन घातलं.
मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी
ताट परत केलं, पत्र्याची पेटी वाकवली,
(ताटाला भोकं होती, ते असो).
रूबल जाऊन लाट आले त्या हिवाळ्यात पगार थकला होता,
पण कपॅसिटर टम्म सुगले होते,
लग्नातलं घड्याळ विकलं.
झाकणाच्या आत पेन्सिलने सगळ्या तारखा आहेत,
घड्याळाची सोडून.

आता डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानांचा आलेख काढलाय.
तीन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ कोसळते,
कारोस्ताच्या जुन्या तटबंद्या समुद्रात कोसळतात तशी.
तरी या वर्षी पुन्हा बसलो.
नवा वीजपुरवठा मागवला, पिसासारखा हलका;
जुना ट्रान्सफॉर्मर, सहा किलोचा,
पलंगाखाली ढकलला.
"कुणासाठी हे?" वेल्टाने विचारलं.
मी स्क्रू शोधत असल्याचं दाखवलं.

घरघर पार गेली होती.
"काही ऐकू येतं?"
"अगदी शांत आहे," ती म्हणाली.
तीन आठवडे आम्ही दोघं त्या शांततेसमोर
चहा घेऊन बसत होतो, पाहुण्यासमोर बसावं तसे.

मग खालच्या मजल्यावरचा रूडिस
बटाट्यांची पिशवी द्यायला आला. नऊ वर्षांचा.
दारातच कानांवर हात:
"ती शिट्टी कसली?"
कुठली शिट्टी?
"ही! डासासारखी! तुम्हाला नाही ऐकू येत?"
मी वेल्टाकडे पाहिलं.
वेल्टाने माझ्याकडे पाहिलं.
बटाटे खाली ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

दुपारी ट्रान्सफॉर्मर पलंगाखालून ओढला,
धुळीसकट.
रूडिसने टॉर्च धरली, डाग मी दिले,
हात कापला तेव्हा त्याने तार धरली.
साठ वॅटचा दिवा अजून तोच आहे,
असे आता दुकानात मिळत नाहीत.
"भडकला तर?"
"तर आपलं चुकलं."
उजळला.
तांबूस झाला.
रूडिसने श्वास सोडला तेव्हा कळलं की त्याने तो धरला होता.

त्याने कान पेटीला लावला,
बराच वेळ.
"शिट्टी गेली," म्हणाला,
"आता नुसता घोरतोय."

स्वयंपाकघरातून वेल्टा म्हणाली,
"ते मलाही ऐकू येतं."