घुमारा

सेलूच्या ज्या शाळेत मी नववीला दोनदा बसलो
तिच्याच सभागृहात परवा माझे दोन बॉक्स, तीन माईक
आणि तो घुमारा.
बत्तीस वर्षं झाली, लायनीतून येतो.
वायरी बदलल्या, मशीन बदललं, खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून
नवं अर्थिंग केलं.
जात नाही.
कुणी पुसलं की म्हणायचं, डीपी जवळ आहे ना.

बाई पुण्याहून आल्या, मूळच्या मानवतच्या,
शर्वाणी टाकळकर. माझ्या पोरीच्या वयाच्या.
आवाज तपासायला म्हणून आल्या अन्
डोळे मिटून नुसत्याच उभ्या राहिल्या.
"काका, हे जे घुमतंय ना..."
मी डीपीचं वाक्य तोंडात घेऊन तयार.
"तेवढं काढू नका."

मग सुरू झालं.
शब्द नाहीत. ताल नाही म्हणावं
तर तबलजी साडेअकरा मात्रा मोजून घामेजलेला.
कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे
जिथं पेटीला पट्टीच नाही
तिथं बाई जाऊन थांबल्या.
थांबल्या म्हणजे थांबल्याच.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.
या गावात गाणं कळलं नाही की
पहिले माझ्या मशीनकडं बघतात.
बियाणी शेट पहिल्या रांगेतून हातवारे करून:
"काय बिघडलं रे? अडकूलालंय का?"
मी उगाच एक बटण फिरवलं, कशालाच न जोडलेलं.
ते मी अशा वेळेसाठीच ठेवलेलं आहे.
शेटचं समाधान झालं. पाच मिनिटांत झोपले,
अन् नंतर सगळ्यांत जास्त तारीफ त्यांनीच केली.

खळीकर गुरुजी उठले.
बाईंना पहिला सा त्यांनीच दिलेला, पेटीच्या वर्गात, महिना पंधरा रुपये फी.
पत्रिकेची घडी करत, उलगडत, पुन्हा घडी करत
दारापर्यंत गेले, चपला हातात घेतल्या
आणि गेलेच नाहीत.
पाऊण तास तसेच, चपला छातीशी.

तिथंच सुग्राबी उभी होती, जिनिंगमधली,
नातवाला न्यायला आलेली.
नातू मधेच खिदळला. बाई गाता गाता
त्याच्याच खिदळण्याच्या उतारानं खाली आल्या.
माझ्या अंगावर काटा.
मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, पोरखेळ.

आठ चाळीसला लाईट गेली.
पंखे थांबले. बॉक्स मेले.
आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
घुमारा नाही.
पण जिथं तो असायचा, नेमका तिथं,
अंधारात, बाईंचा आवाज.
तेवढाच खोल, तेवढाच रुंद.
म्हणजे मघापासून ती माझ्या खराबीवर
सा धरून बसली होती.
मला जनरेटर लावायचं सुचलं नाही.
कुणी ओरडलंही नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

नंतर चहाच्या गाड्यावर जो तो आपलं.
कॉलेजची पोरं म्हणाली, लय भारी, पण काय ते विचारू नका.
बँडवाले मैनोद्दीनचाचा:
"राग नव्हता, बेटा. सूर मात्र चोरीचा नव्हता."
चोरीचा होता, चाचा, माझ्याकडून घेतलेला,
पण मी गप चहा प्यालो.
सुग्राबी म्हणाली, ह्यात काय नवीन,
दिवसभर रुळावर सरकी निघते, घरी गेलं तरी कानात हेच असतंय.
मग थोडं थांबून, "निजू देत नाही."
ते चांगलं होतं की वाईट, तिनं सांगितलं नाही.

गुरुजींनी कुणालाच काही सांगितलं नाही.
बिन चपलांचे घरी गेले.
चपला हातातच होत्या.

काल वालूर रोडला बारशाचा कार्यक्रम.
पाळण्याजवळ माईक लावला. घुमारा आला.
पोरीचा मामा धावत: "अहो, घुमूलालंय!"
मी म्हणालो, डीपी जवळ आहे.
पण लगेच नाही म्हणालो.
आधी साडेअकरापर्यंत मोजलं.