अर्थ लागत नाही

जीप पाटबंधारे खात्याच्या लिलावातली.
माझ्याआधी तिने कालवे मोजले,
साहेबांच्या पुतण्यांच्या वरातीही ओढल्या असतील.
डॅशबोर्डवरचा काटा सी वर आडवा,
दुपारच्या चौकीदारासारखा.
मी समजत होते, गाडी थंड प्रकृतीची आहे.

गाईच्या शेपटीखाली थर्मामीटर धरून
मिनिटं मोजणं हा माझा धंदा.
एकशे तीनच्या वर गेलं की मी गप्प होते,
मालक माझ्या तोंडाकडे बघतो.
आणि जिच्यातून मी गोठे हिंडते
तिचा ताप अकरा वर्षं कुणी पाहिला नाही.

मागच्या मे महिन्यात, पालच्या घाटात,
तिसऱ्या वळणावर गोडसर वास आला,
काकवी उतू गेल्यासारखा.
मग वाफ.
मग काहीच नाही.
काटा तेव्हाही सी वरच, निवांत.
हेड वाकलं होतं.
भुसावळला नेऊन घासून आणलं.

सावद्याला, केळीच्या ट्रकांच्या रांगेमागे,
कडुनिंबाखाली नबाब तडवीचं गॅरेज.
जळगावहून आणलेलं नवं मीटर त्याने
कानाशी धरून हलवलं, नारळासारखं.
"जुना काटा काढू नका, डॉक्टरीणबाई.
राहू द्या तिथंच.
म्हाताऱ्याले कोनी घराबाहेर काढत नाही."

वरचा होज कापला, केळीचा घड कापायच्या विळ्याने.
मधे ॲल्युमिनियमची नळी, दोन्हीकडे क्लिपा,
नळीच्या पोटात सेंडर,
वायर पत्र्याच्या भोकातून आत,
भोकाच्या धारेला जुन्या चपलेचं रबर.
फ्यूज. दिव्याची बारकी वायर.
गाडी चालू केली.
होज हाताला चटका देईपर्यंत तापला,
काटा चाळीसवर ढिम्म.

नबाबने काचेवर टिचकी मारली.
बिडी पेटवली, अर्धी ओढली.
मग म्हणाला, "अर्थ लागत नाही."

मी म्हटलं, कशाचा?

तो माझ्याकडे बघतच राहिला.
"रबराच्या मधात बसलाय ना तो.
इकडून रबर, तिकडून रबर,
बॉडीले कुठंच टेकेना.
मंग अर्थ कुठून भेटीन?"

काळ्या वायरीचा वीतभर तुकडा.
एक टोक नळीवरच्या स्क्रूला,
दुसरं इंजिनच्या अंगाला,
आधी तिथला रंग खरवडून,
लोखंड उघडं करून.

काटा उठला.
साठ. सत्तर. ब्याऐंशीवर अडखळला,
आत थर्मोस्टॅट उघडला असणार,
आणि जरासा खाली आला, निःश्वास टाकल्यासारखा.
अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

तेव्हापासून रस्त्यावर माझा एकच डोळा असतो.
पूर्वी घाटात गुणगुणायचे,
आता आकडे पुटपुटते.
सुख पूर्वीच होतं, असंही कधी वाटतं.

काल रात्री पालहून फोन.
गीर कालवड, माजावर, दोनदा उलटलेली.
मागे नायट्रोजनचं भांडं, उणे एकशे शहाण्णव,
त्यात गोठलेल्या वळूंच्या कांड्या.
पुढे बॉनेटखाली नव्वद, चौऱ्याण्णव,
तिसऱ्या वळणावर शहाण्णव.
दोघांच्या मधे मी,
नुसती सदतीस.

थांबले.
इंजिन बंद केलं नाही, नबाबने बजावलं होतं,
पंखा फिरत राहू द्यायचा.
दरीत सागाची वाळकी पानं कुणीतरी तुडवत होतं,
रानडुक्कर असेल.
हिरवट दिव्यात काटा शहाण्णववर थरथरत होता.
शेजारी जुना काटा, सी वर, आपल्या जागी.
सवयीने उतरून बॉनेटवर तळहात ठेवला,
लगेच उचलला.

नऊ मिनिटं लागली
काटा पंच्याऐंशीवर यायला.

गोठ्याच्या दारात मालक कंदील घेऊन उभा.
उशीर केला बाई, म्हणाला.

म्हटलं, हो.
गाडीला ताप होता.